आनंद करा म्हणतात, पण मला तर रडूही येत नाही

"मॅडम, वचनात लिहिलंय, सर्वदा आनंद करा. मला होत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?"

नगर आणि आसपासच्या ख्रिस्ती कुटुंबांबरोबर समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की, समोरचं माणूस खुर्चीत बसून पिशवी मांडीवर घट्ट धरतं तेव्हाच मला त्याची चाहूल लागते. केमो चालू असलेली तरुण आई हेच विचारते. नोकरी गेलेला, मंडळीचे म्हणजे चर्चचे हिशेब सांभाळणारा गृहस्थ हेच विचारतो. मूल गमावलेल्या आईबापांना तर विचारण्याचाही धीर होत नाही, ते नुसते बसून राहतात. कन्व्हेन्शन, म्हणजे मंडळ्यांचा उपदेशांचा मेळावा, होऊन गेलं की, आणि राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंतच्या (ईस्टरपर्यंतच्या) दिवसांत, असे लोक जास्त येतात. त्या काळात व्यासपीठावरून दुःखसहनाचीच वचनं सांगितली जातात. याकोबाच्या पत्रातलं, नाना प्रकारच्या परीक्षांना तोंड द्यावं लागतं तेव्हा आनंदच माना, हे वचन बहुतेकांना लहानपणापासून पाठ असतं. आपल्यावर वेळ आली आणि आनंद काही झाला नाही, की माणूस स्वतःलाच गुन्हेगार ठरवतो. आजारपण किंवा मृत्यू यांचं ओझं असतंच, त्यावर आपण वाईट ख्रिस्ती आहोत याचं ओझं चढतं. माझ्या अनुभवात हे दुसरं ओझं माणसाला जास्त लवकर मोडतं.

या प्रश्नाला मी काय उत्तर देते ते एका बाईंच्या गोष्टीतून सांगते. त्यांच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. गावात लहानथोर सगळे त्यांना 'बाई'च म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. यजमानही शिक्षक होते आणि मंडळीत दर रविवारी पेटी वाजवायचे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं आजही आमच्या भागातल्या मंडळ्यांत गायली जातात. ती गाताना सरांच्या पेटीशिवाय तिथल्या लोकांना सूर लागत नसे. एका पहाटे सरांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. निघाला तरी भलताच.

पहिल्या भेटीत मी विचारलं, "सर कसे आहेत?"

"प्रभूची कृपा आहे."

"आणि तुम्ही?"

"प्रभूची कृपा."

चेहऱ्यावर हसू होतं. डोळ्यांखाली काळं पडलेलं.

"बाई, काल रात्री किती झोप झाली?"

या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर नसतं. त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. नाहीतर पाठीला जखमा होतात. झोप कसली?"

तिथून आम्ही बोलायला लागलो. महिला मंडळात त्या वर्षानुवर्षं शास्त्रपाठ घेत आलेल्या. भेटायला येणारे म्हणत, "बाई, तुम्हीच आम्हाला शिकवलंत, परीक्षेत आनंद माना." एका पाहुण्या उपदेशकांनी तर घरी येऊन प्रार्थना केली आणि जाताना सांगून गेले की घरात अविश्वास असला की आरोग्य अडतं. बाई ते मनात धरून बसल्या होत्या. "माझ्यामुळे तर ते बरे होत नाहीत ना?" हे त्यांनी इतक्या हळू विचारलं की मला पुढे वाकावं लागलं.

मी लगेच वचनांकडे वळले नाही. मी ज्या पद्धतीनं शिकले आणि जिच्यावर माझा विश्वास दरवर्षी वाढतच गेला आहे, तिच्यात माणसाला समजावण्याआधी त्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं असतं, आणि ऐकताना त्याच्या शरीराचंही ऐकायचं असतं. न झोपलेल्या माणसाशी श्रद्धेची चर्चा करू नये. शास्त्रातही हेच आहे. एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. देवाचं त्याच्याशी बोलणं त्यानंतरचं.

म्हणून आधी रात्रीची व्यवस्था. पुतण्यानं आठवड्यातून दोन रात्री यावं असं मी सुचवलं. बाई ऐकेनात.

"सेवा मीच करायची. तो माझा क्रूस आहे."

"येशूचा क्रूससुद्धा वाटेत शिमोन कुरेनेकरानं उचलला होता, बाई."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. पुढच्या आठवड्यापासून पुतण्या यायला लागला.

झोप थोडी सुधारल्यावर मी त्यांना घरचा अभ्यास दिला. 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' हे वाक्य प्रेषित पौलानं फिलिप्पै गावच्या मंडळीला कैदेतून लिहिलेल्या पत्रातलं. "तुम्ही मुलांना धड्यातलं एकच वाक्य शिकवायचात का?" मी विचारलं. "मग हे पत्रही सबंध वाचा. चारच अध्याय आहेत. एका बैठकीत, आणि हातात पेन्सिल घेऊन."

पुढच्या भेटीत त्यांनी पवित्र शास्त्र उघडून माझ्यासमोर ठेवलं. वही तपासावी तशा समासात खुणा केलेल्या. पहिल्या अध्यायात पौल म्हणतो की इथून सुटून ख्रिस्ताजवळ जावं अशीच त्याची इच्छा आहे. दुसऱ्यात त्याचा सहकारी एपफ्रदीत आजारी पडून मरता मरता वाचला, तो गेला असता तर आपल्याला दुःखावर दुःख झालं असतं, असं तो लिहितो. तिसऱ्यात काही लोकांविषयी तो रडत रडत सांगतो. चौथ्यात आनंद करा, आणि त्याच अध्यायात, माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे चांगलं केलंत.

"मॅडम, हा माणूस तर रडतोय," बाई म्हणाल्या. आवाजात जवळजवळ तक्रार होती, इतकी वर्षं कुणी हे सांगितलं कसं नाही अशी.

"आणि आनंद करा असंही तोच लिहितोय."

"एकाच कोठडीतून."

"हो."

मग त्यांनी स्वतःच चौथ्या अध्यायातली ती ओळ दाखवली, कमी असो वा भरपूर, त्यात तृप्त राहायला मी शिकलो आहे, ही. "शिकायला वेळ लागतो, हे मला कुणी सांगायला नको," असं म्हणून त्या पहिल्यांदा मोकळं हसल्या.

आनंदाची आज्ञा आणि दुःखाची कबुली शास्त्रात एकाच पानावर आहेत. आपण फक्त एकीला अधोरेखित करतो. मेलेल्या लाजराला आपण थोड्याच वेळात उठवणार आहोत हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेजवळ रडला. गेथशेमाने बागेत त्यानं शिष्यांना स्पष्ट सांगितलं की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, आणि माझ्यासोबत जागे राहा असंही म्हटलं. त्याच्यापेक्षा मोठा विश्वास दाखवण्याची सक्ती कुणावर नाही.

पुढचं काम अवघड होतं. दीडशे स्तोत्रांपैकी मोठा वाटा विलापाचा आहे. त्यातलं तेरावं, हे परमेश्वरा, कोठवर, असं विचारणारं, आणि अठ्ठ्याऐंशीवं, जे अंधारातच संपतं, अशी दोन मी त्यांना वाचायला दिली. मग म्हटलं, "आता तुमचं स्तोत्र लिहा. देवाला जे म्हणायचंय ते. सुधारून नाही."

"असं देवाला विचारायचं? तो अविश्वास नाही का होणार?"

"ईयोबाचं शेवटी काय झालं, बाई? देव रागावला कुणावर?"

त्यांना उत्तर माहीत होतं. सर्वस्व गमावलेल्या ईयोबानं देवाला जाब विचारला, त्याच्या मित्रांनी देवाची बाजू मांडली. आणि शेवटच्या अध्यायात देव मित्रांना म्हणतो की माझ्याविषयी माझा सेवक ईयोब याच्यासारखं योग्य तुम्ही बोलला नाहीत.

फिजिओथेरपीच्या कागदाच्या पाठीमागे लिहून आणलेलं स्तोत्र त्यांनी मला वाचून दाखवलं. सुरुवातीला आवाज मुख्याध्यापिकेचा होता, प्रार्थनेनंतर शाळेत सूचना वाचतात तसा. "प्रभू, तू त्यांचा हात घेतलास. पेटी वाजवणारा हात. तू त्यांची वाचा घेतलीस. माझं नावही त्यांना घेता येत नाही. लोक मला हसायला सांगतात. मी हसते. तू कुठे आहेस?" 'पेटी' या शब्दालाच आवाज फुटला होता. शेवटच्या वाक्याला त्या रडायला लागल्या, आणि पुष्कळ वेळ रडत राहिल्या.

मी मध्ये बोलले नाही. पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे केला नाही. रडणाऱ्याला पाणी देताना आपण पुष्कळदा त्याला थांबवतच असतो. हे थांबून राहणं मला प्रयत्नानं साधलं आहे आणि माझ्या कामातला सगळ्यात उपयोगी भाग तोच आहे असं मला वाटतं.

शांत झाल्यावर मी एवढंच विचारलं, "सरांसमोर कधी रडलात?"

"त्यांच्यासमोर? नाही हो. त्यांना वाईट वाटेल. त्यांच्यासमोर मी कायम हसतमुख."

"आणि सर?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "तेही. मी खोलीत आले की तोंड हसरं करतात. अर्धंच होतं, पण करतात."

पुढे काय करा ते मी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

त्यानंतरच्या भेटीत बाई आल्या त्या बसायच्या आधीच बोलायला लागल्या. संध्याकाळी सरांना पेज भरवत होत्या, ती सांडली, चादर खराब झाली, आणि त्यांना रडू आवरेना. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी तोच कागद काढून सरांना वाचून दाखवला. सरही रडले. पक्षाघात झाल्यापासून ते दोघं एकत्र असे पहिल्यांदाच रडले. आणि मग सरांनी डाव्या हातानं पलंगाच्या लोखंडी दांडीवर ठेका धरला आणि गायला लागले. रविवारी सुरुवातीला म्हणायचं पद. दोन ओळी. शब्द स्पष्ट.

"मॅडम, मी आधी घाबरले. मग हसायलाच लागले. नाक वाहतंय, चादरीवर पेज, आणि आम्ही दोघं हसतोय. मला आनंद झाला होता. खरा." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "पण दुःख कमी झालं नव्हतं. तेवढंच होतं. दोन्ही होतं."

ज्या वाक्याची मी वाट बघत होते ते हे. बाईंना आनंद झाला तो दुःख संपल्यामुळे नाही, त्यावर मात केल्यामुळे नाही, सरांना बरं वाटल्यामुळेही नाही. दुःख त्यांनी देवासमोर आणि नवऱ्यासमोर उघडं केलं आणि त्याच जागी आनंद येऊन बसला. माझ्या कामात मी हे पुन्हा पुन्हा पाहत आले आहे. मन भावना निवडून बंद करू शकत नाही. दुःखाला दार लावलं की आनंदालाही तेच दार लागतं, मग उरतो तो सुन्नपणा, आणि त्या सुन्नपणालाच आपण मंडळीत खंबीर विश्वास म्हणून शाबासकी देतो. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूनं शिष्यांना सांगितलं की तुम्ही रडाल आणि शोक कराल, पण तुमचं दुःखच आनंदात पालटेल, आणि दाखला दिला तो बाळंतपणाच्या वेणांचा. वेणा टाळून बाळ येत नाही, हे त्यात गृहीतच आहे.

सरांच्या गाण्याबद्दल एक खुलासा करते, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं आजारपण असेल. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा होऊन बोलणं गेलं तरी पाठ असलेलं गाणं पुष्कळदा शाबूत राहतं, कारण सुराच्या कामात उजवी बाजूही भाग घेते. काही स्पीच थेरपिस्ट याचाच उपयोग करून बोलणं परत आणण्याचा प्रयत्न करतात. सरांच्या थेरपिस्टनीही मग तसं सुरू केलं. बाईंनी मला विचारलं, "म्हणजे हा चमत्कार नाही?" मी म्हटलं, "मेंदू असा ज्यानं घडवला त्याचे आभार मानायला तुम्हाला कुणाची हरकत आहे?"

मंडळीत बातमी पसरली. पाळकसाहेबांनी बाईंना साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव मंडळीसमोर सांगायला, सांगितलं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर बरे झालेले नाहीत. कदाचित होणारही नाहीत. मी देवावर रागावले होते आणि ते मी त्याला सांगितलं, त्यानं मला टाकलं नाही. आता मला मदत हवी आहे. बुधवारी आणि शनिवारी कुणी दोन तास त्यांच्याजवळ बसेल का? मला बँकेत आणि बाजारात जायचं असतं." मंडळी चपापली, पण उपासना संपल्यावर माणसं पुढे आली. त्यांत पेटी शिकणारा एक मुलगा होता. तो आता शनिवारी सरांच्या पलंगाजवळ बसून सराव करतो, आणि सूर चुकला की सर मान हलवतात.

लोक मला विचारतात, संकटातून आध्यात्मिक वाढ होते म्हणतात, ती ओळखायची कशी. मी सांगते, बाईंची ती साक्ष ऐका. प्रार्थना खरी झाली. मदत मागायची लाज गेली. देवाच्या नावानं खोटं बोलायची गरज उरली नाही. रोमकरांस पत्रात पौल संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा असा क्रम सांगतो. त्यात आशा सगळ्यात शेवटी येते. आपण मात्र दवाखान्यातल्या पहिल्याच दिवशी माणसाकडून ती मागतो.

बाईंची पणजी १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळात पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंकडे आलेली. घरात तिच्या गोष्टी आहेत, म्हणून रमाबाईंचा विषय आमच्या बोलण्यात पुष्कळदा यायचा. रमाबाईंनी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. उपासमार काय असते ते त्यांनी स्वतः सोसलं होतं. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल म्हणतो की देव आपलं सांत्वन करतो ते कोणत्याही संकटात असलेल्यांचं सांत्वन आपल्याला करता यावं म्हणून. पण यावरून कुणी असं म्हणू नये की रमाबाईंनी मुली वाचवाव्यात म्हणून देवानं त्यांचे आईबाप नेले. बाईंनी मला हे स्पष्ट विचारलं होतं, आणि मी स्पष्ट उत्तर दिलं: तुम्हाला काही शिकवण्यासाठी देवानं सरांचा मेंदू दुखावला असं मी मानत नाही. जे घडलं त्यात तो तुमच्यासोबत आहे आणि त्यातून काही चांगलं घडवू शकतो, एवढं मानते.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण आनंद मानण्याच्या वचनाचा इथे फार दुरुपयोग होतो. नवरा मारतो, सासरचे छळतात, आणि बाईला सांगितलं जातं, सोस, हा तुझा क्रूस आहे. फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला यांनी फटक्यांच्या जखमा अंगावर असताना मध्यरात्री गाणी गायली, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच अध्यायात सकाळी काय झालं ते फारसं कुणी वाचत नाही. अधिकाऱ्यांनी त्यांना गुपचूप सोडायचं ठरवलं, तेव्हा पौल म्हणाला की आम्हा रोमी नागरिकांना चौकशीशिवाय उघडपणे फटके मारले, आता त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. मार खाणाऱ्या बाईला मी गायला सांगत नाही, आधी सुरक्षित जागी जायला आणि कायद्याची मदत घ्यायला सांगते.

आणि सगळंच दुःख प्रार्थनेनं आणि रडण्यानं हलकं होत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातला रस सगळंच गेलं असेल, मरणाचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. गोळी घेणं हा विश्वासाचा पराभव नाही. पौलानं आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं, नुसती प्रार्थना कर असं म्हटलं नव्हतं.

शेवटी, भेटायला जाणाऱ्यांसाठी. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. बोलायला लागले आणि बिघडलं. तुम्ही गेलात तर आधी विचारा, रात्री कोण जागतं, डबा कोण देतं, दवाखान्यात कोण नेतं. त्यातलं एक काम अंगावर घ्या. रडू आलं तर रडू द्या. आणि वचन वाचायचंच असेल तर कोणतं वाचू, हे त्यांनाच विचारा. बाईंना त्या दिवसांत अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र हवं होतं. भेटायला आलेल्या एकानं जरी ते वाचून दाखवलं असतं, तरी आपण एकट्याच वाईट ख्रिस्ती आहोत असं समजून त्या इतके महिने राहिल्या नसत्या.